कलमाच्या चाकूसाठी पहिला धारेचा दगड कसा निवडावा?

कलमे बांधण्याचा हंगाम आला की रोपवाटिकेत खुंट, कलमकाडी, बांधण्याची पट्टी, सावली व पाणी या सर्वांची तयारी काळजीपूर्वक केली जाते. चाकूची धार मात्र आदल्या दिवशी घराच्या पायरीवर किंवा विहिरीच्या काठावरील दगडावर दोन-चार वेळा घासून उरकण्यात येते. पुढे कलमे जगली नाहीत म्हणजे दोष काडीला, हवेला किंवा बांधणाऱ्याच्या हाताला दिला जातो. ही सर्व कारणे खरी असू शकतात. तथापि बोथट पाते हे असे एक कारण आहे की, ज्याचा विचार सर्वांत शेवटी होतो आणि जे दूर करणे मात्र सर्वांत सोपे व अल्प खर्चाचे असते. त्यासाठी एक योग्य दगड आणि तो वापरण्याची थोडी सवय एवढेच पुरे. पहिला दगड घेताना काय पाहावे, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.

धारेचा कलमाशी संबंध

सालीच्या लगत आतल्या बाजूस एक पातळ, ओलसर असा वाढीचा थर असतो. खुंटाचा हा थर आणि काडीचा हा थर एकमेकांना चिकटून बसले तरच कलम सांधते. धारदार पात्याने एका ओढीत घेतलेला काप सपाट व चकचकीत असतो. असे दोन काप एकमेकांवर ठेवले असता मध्ये फट राहत नाही. बोथट पाते पेशी कापण्याऐवजी त्या चेपते. त्यामुळे एका कापाचे काम तीन-चार कापांत करावे लागते, कापाचा पृष्ठभाग लाटांसारखा उंचसखल होतो आणि सांध्यात पोकळी राहते. तेथे जोड वाळतो किंवा बुरशीला वाव मिळतो.

कामाच्या प्रकाराप्रमाणे ही अडचण निरनिराळ्या स्वरूपात दिसते. आंब्याच्या कोय कलमात रोप अवघे १० ते १५ दिवसांचे, कोवळे असते. बोथट पात्याखाली त्याचे खोड चिरले न जाता दबते. संत्रा-मोसंबीचा डोळा भरताना सालीची पातळ ढलपी डोळ्यासह एका ओढीत निघावी लागते. पाते अडखळले की डोळ्यामागील भाग फाटतो. द्राक्षाच्या डॉगरिज खुंटावर पाचर कलम करताना लाकूड टणक असते. तेथे बोथट चाकूला जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की पाते घसरून बोट कापण्याचा धोका वाढतो. म्हणजे चांगली धार ही कलमाच्या यशाची तशीच कामगाराच्या सुरक्षिततेचीही बाब आहे.

धार म्हणजे काय?

पात्याच्या दोन बाजू जेथे मिळतात ती रेषा म्हणजे धार. ही रेषा जितकी बारीक व अखंड, तितका काप स्वच्छ. वापराने ती गोलसर होते, वाकते किंवा तिला खाचा पडतात. दगडाचे काम दोन टप्प्यांचे असते. पहिल्या टप्प्यात जाड कणांचा दगड गोल झालेला भाग घासून काढतो व बाजू पुन्हा एका रेषेत आणतो. दुसऱ्या टप्प्यात बारीक कणांचा दगड पहिल्या दगडाने उठविलेले ओरखडे कमी करून धार गुळगुळीत करतो. पहिला टप्पा झाल्यावर चाकू ‘लागतो’ असे वाटते व काम तेथेच थांबविले जाते. दोरी, पोते किंवा ओला चारा कापण्यास अशी धार चालते, परंतु कलमाला ती पुरत नाही. दगड निवडताना हा फरक प्रथम ध्यानात घ्यावा.

बाजारात व गावात मिळणारे दगड

१. गावातील नैसर्गिक दगड : महाराष्ट्राचा बराच मोठा भाग काळ्या पाषाणाचा आहे. या दगडातील खनिजे कडक पोलादाहून फारशी कठीण नसतात, शिवाय त्यांचे कण लहानमोठे असतात. म्हणून अशा दगडावर पाते घासले की ओरखडे पुष्कळ व धार थोडी, असा अनुभव येतो. वाळूचा दगड याहून बरा, कारण त्यातील गारेचे कण पोलादाहून कठीण असतात. विळा, खुरपे व कोयता यांना तो उपयोगी पडतो. कलमाच्या चाकूला मात्र तो जाड ठरतो.

२. कुरुंद व कार्बोरंडम : कुरुंद हा हिऱ्याखालोखाल कठीण समजला जाणारा नैसर्गिक दगड असून आपल्याकडे तो धारेसाठी पूर्वापार वापरात आहे. इंग्रजीतील ‘कोरंडम’ हे नावही भारतीय भाषांतील याच शब्दावरून गेले. अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन यांनी १८९१ साली विजेच्या भट्टीत सिलिकॉन व कार्बन यांचा अतिशय कठीण संयुग पदार्थ तयार केला. तो कार्बन व कुरुंद यांचा असावा अशा समजुतीने त्याला ‘कार्बोरंडम’ हे नाव मिळाले. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळसर किंवा करडा दुहेरी दगड बहुधा याच पदार्थाचा असतो. त्याची एक बाजू जाड व दुसरी मध्यम-बारीक असते. हा दगड स्वस्त, जलद कापणारा व टिकाऊ आहे.

३. पाण्याचे दगड : हे बहुधा कृत्रिम कुरुंदाच्या, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या, पांढऱ्या किंवा रंगीत कणांचे व थोडे मऊ बांधणीचे असतात. घासताना जुने कण सुटतात व नवे उघडे पडतात. त्यामुळे धार लवकर व गुळगुळीत लागते, पण दगडही लवकर झिजून मध्ये खोलगट होतो. यांतही दोन बाजूंचे दोन क्रमांक असलेले दगड मिळतात.

४. हिरकणीची पट्टी : धातूच्या पट्टीवर कृत्रिम हिऱ्याचे बारीक कण बसविलेले असतात. ती सपाट राहते, अत्यंत कठीण पोलादही कापते आणि खिशात नेता येते. मात्र चांगली पट्टी महाग असते. हलक्या प्रतीच्या पट्टीवरील कण लवकर निघून जातात. नवशिक्याने तिच्यावर जोर दिल्यास पाते नको तितके झिजते.

५. पॉलिश कागद : पाण्यात वापरावयाचा काळा पॉलिश कागद जाड काचेच्या तुकड्यावर ओला करून पसरला की तो दगडाचे काम देतो. ज्यांना प्रथम हात बसवून पाहावयाचा आहे, त्यांना हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे. कागदावर पाते नेहमी मागे ओढावे. धारेच्या दिशेने पुढे ढकलल्यास कागद चिरतो.

क्रमांकाचा अर्थ

दगडावरील क्रमांक कणांचा आकार दर्शवितो. क्रमांक जितका मोठा, तितका कण बारीक. युरोपीय मोजणीप्रमाणे १२० क्रमांकाचा कण सुमारे एक दशांश मिलिमीटर, तर ३२० क्रमांकाचा सुमारे तीन शतांश मिलिमीटर असतो. मात्र सर्व देशांची मोजणी एक नाही. जपानी पद्धतीच्या १००० क्रमांकाचा कण एक शतांश मिलिमीटरहून किंचित मोठा असतो. युरोपीय पद्धतीच्या १००० क्रमांकाचा कण त्याच्या निम्म्याहूनही लहान असतो. म्हणून दोन दगडांचे नुसते आकडे पाहून तुलना करू नये. दगड कोणत्या पद्धतीचा आहे हे वेष्टनावर पाहावे किंवा दुकानदारास विचारावे. ज्या दगडावर क्रमांकच नाही, केवळ ‘फाइन’ एवढेच छापले आहे, तो कलमाच्या कामासाठी घेताना विशेष सावध राहावे.

पहिला दगड कोणता घ्यावा?

पहिला दगड निवडताना किंमत किंवा नाव यांआधी चाकूचे काम पाहावे. चाकू कशासाठी आहे हे ठरले की दगड आपोआप ठरतो.

खिशातील घडीचा चाकू केवळ सुतळी, पोती, फांदीचे शेंडे, भाजीपाला यांसाठी असेल, तर एक दुहेरी कार्बोरंडम दगड पुरेसा आहे. त्याची जाड बाजू १०० ते १५० व बारीक बाजू २४० ते ३२० क्रमांकाच्या आसपास असावी. हाच दगड विळ्या-कोयत्यालाही चालतो.

चाकू कलमासाठी किंवा डोळा भरण्यासाठी असेल, तर पहिला दगड म्हणून जपानी पद्धतीचा ४०० व १००० क्रमांकाचा दुहेरी पाण्याचा दगड घ्यावा. ४०० ची बाजू बोथट धार सुधारते व १००० ची बाजू कलमास हवा असणारा गुळगुळीतपणा देते. याहून बारीक दगड आरंभी घेण्याचे कारण नाही. त्याने मिळणारा लाभ थोडा असून धारेचा कोन हातात बसेपर्यंत तो बहुधा वाया जातो.

घरी कार्बोरंडम दगड आधीच असेल, तर नवा दगड न घेताही काम भागते. त्याच्या बारीक बाजूवर धार लावून नंतर काचेवरील १००० क्रमांकाच्या पॉलिश कागदावर व शेवटी चामड्यावर ती पुरी करावी. जुन्या कमरपट्ट्याचा तुकडा, खडबडीत बाजू वर ठेवून, लाकडी फळीवर चिकटविला की हे साधन तयार होते.

वीजेवर फिरणाऱ्या चाकावर कलमाचा चाकू कधीही लावू नये. चाकाच्या घर्षणाने पात्याची पातळ कड क्षणात तापते. साध्या पोलादावर निळा रंग चढला म्हणजे उष्णता ३०० अंश सेल्सियसच्या आसपास गेली व तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे. अशी कड पुन्हा लावली तरी धार टिकत नाही. गावात येणाऱ्या धार लावणाऱ्याकडे विळे, कोयते व कुऱ्हाडी अवश्य द्याव्यात. कलमाचा चाकू मात्र स्वतःच्या हाताने दगडावर लावावा.

दुकानात दगडाची पारख

दगड किमान १५० मिलिमीटर लांब व ५० मिलिमीटर रुंद असावा. बोटभर लांबीच्या दगडावर पात्याचा कोन हलतो आणि नवशिक्याचा हात बसत नाही. दगडावर लोखंडी मोजपट्टी लांबीत, रुंदीत व तिरकी उभी धरून उजेडाकडे पाहावे. मध्यभागी खालून उजेड दिसत असेल तर तो भाग खोलगट आहे. बोटाने दोन्ही बाजू चाचपून पाहाव्यात. एखादा जाड खडा लागला तर तो दगड नाकारावा, कारण असा एक कण सबंध धार खराब करतो. कडांना मोठी चीर किंवा टवका नसावा. कार्बोरंडम दगड बोटाने हलकेच वाजविला असता आवाज बद्द आल्यास आत तडा असण्याचा संभव असतो.

दगडाबरोबर चाकूही पाहावा. कलमाच्या पुष्कळ चाकूंची एकच बाजू उतरती असते व दुसरी सपाट असते. अशा चाकूंत उजव्या व डाव्या हाताचे चाकू वेगळे असतात. साध्या घडीच्या चाकूला दोन्ही बाजूंनी उतार असतो. या फरकावर धार लावण्याची रीत अवलंबून आहे.

धार लावण्याची रीत

पाण्याचा दगड वेष्टनावरील सूचनेप्रमाणे भिजवावा किंवा वरून ओला करावा. ओल्या फडक्यावर ठेवला म्हणजे तो सरकत नाही. घडीच्या चाकूचे पाते पूर्ण उघडून पक्के बसले आहे याची खात्री करावी.

दोन्ही बाजूंनी उतार असलेल्या चाकूची पाठ, पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश इतकी दगडापासून उचलावी. पाते १५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ ५ मिलिमीटर वर राहील. हा कोन सुमारे २० अंशांचा होतो. एक चतुर्थांश उचलल्यास तो सुमारे १५ अंशांचा होतो. धार अधिक तीक्ष्ण होते, पण लवकर मोडते. एका बाजूने उतरत्या कलमाच्या चाकूस कोन मोजण्याची गरज नाही. त्याचा मूळचा उतार दगडावर पूर्ण टेकवावा.

बेताचा दाब देऊन पाते मुठीपासून टोकापर्यंत सबंध धार दगडावरून जाईल असे चालवावे. कोन न बदलणे ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. वेग महत्त्वाचा नाही. काही वेळाने धातूची केसासारखी बारीक कड विरुद्ध बाजूस वळलेली बोटाला जाणवते. बोट धारेवरून लांबीत न फिरवता, पाठीकडून धारेकडे हलकेच बाहेर न्यावे. ही वळलेली कड मुठीपासून टोकापर्यंत सलग जाणवली म्हणजे त्या बाजूचे काम झाले. ती जाणवण्यापूर्वी बाजू बदलणे ही नवशिक्याची नेहमीची चूक होय. नंतर दुसरी बाजू तितकीच लावावी. एकाच उताराच्या चाकूची सपाट बाजू दगडावर पूर्ण आडवी ठेवून दोन-तीन वेळाच हलकेच ओढावी. ती बाजू उचलून कधीही घासू नये.

यानंतर बारीक बाजूवर हेच काम कमी दाबाने करावे. शेवटी पाते चामड्यावर प्रत्येक बाजूने १० ते १५ वेळा, पाठ पुढे व धार मागे ठेवून ओढावे. उरलेली वळलेली कड त्याने निघून जाते. पात्याला खाचा पडल्या असतील तरच जाड बाजूचा उपयोग करावा. दररोजच्या कामात बारीक बाजू व चामडे पुरते.

धार झाली की नाही हे ठरविण्यास तीन कसोट्या आहेत. पाते धार वर करून उजेडात धरावे. कडेवर चमकणारी रेषा दिसल्यास तो भाग अजून बोथट आहे. वर्तमानपत्राचा कागद हातात धरून कापावा. तो न फाटता सरळ चिरला जावा. तिसरी व खरी कसोटी झाडाची : पेन्सिलीएवढ्या जाडीची हिरवी काडी एका ओढीत तिरकी कापावी. काप चकचकीत व सपाट असून साल सुटलेली नसावी.

दगडाची निगा

कलमाच्या चाकूसाठी दगडावर तेलापेक्षा पाणी वापरणे इष्ट, कारण पात्यावर राहिलेले तेल कापाला लागते. कार्बोरंडम दगडावर तेल वापरावयाचेच असेल तर शिलाई यंत्राचे पातळ तेल घ्यावे व पाते नंतर पुसून काढावे. जवस किंवा करडई यांसारखी वाळणारी खाद्यतेले वापरू नयेत. त्यांचा चिकट थर कणांमधील जागा भरतो आणि दगड कापेनासा होतो. एकदा तेल मुरलेल्या दगडावर पाणी नीट काम करीत नाही, म्हणून तेल की पाणी हे आरंभीच ठरवावे.

काम झाल्यावर दगड धुवून सावलीत वाळवावा. मध्ये खोलगट झालेला दगड जाड काचेवर ओला पॉलिश कागद ठेवून त्यावर घासावा. दगडावर आधी पेन्सिलीने चौकटी आखल्या तर त्या सर्वत्र पुसल्या गेल्यावर दगड सपाट झाला असे समजते. साध्या पोलादाचे पाते वाळवून त्यावर तेलाचा बारीक हात फिरवून ठेवावे व वापरण्यापूर्वी पुसावे.

धार व निर्जंतुकीकरण

धारदार पाते म्हणजे निर्जंतुक पाते नव्हे. डाळिंबावरील तेल्यासारखे रोग छाटणीच्या हत्यारांतूनही एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. धार लावल्यानंतर पाते धुवावे व काम चालू असताना ते वेळोवेळी निर्जंतुक करावे. सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात पाते बुडविल्यास काम संपताच ते स्वच्छ पाण्याने धुवून वाळवावे. एरवी गंज चढून लावलेली धार जाते.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

धारेचे महत्त्व सांगून पटत नाही, दाखवून पटते. एकाच झाडाच्या सारख्या जाडीच्या काड्या घ्याव्यात. निम्म्या काड्या शेतकऱ्याच्या चाकूने आहे त्या स्थितीत कापाव्यात. त्याच चाकूला सर्वांसमक्ष धार लावून उरलेल्या काड्या कापाव्यात. प्रत्येक गटातील दोन-दोन काप एकमेकांवर दाबून उजेडाकडे धरले की फटीतून येणारा प्रकाश प्रत्येकास दिसतो. त्यानंतर शक्य असल्यास प्रत्येक गटाची २५ कलमे एकाच माणसाने, एकाच दिवशी बांधून त्यांना निरनिराळ्या रंगांच्या चिठ्ठ्या लावाव्यात. फूट आल्यावर मोजणी करून आकडे गावातील फलकावर लिहावेत. स्वतःच्या गावातील आकडा शेतकऱ्यास दुसऱ्या कोणत्याही सल्ल्यापेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो.

उजळणीसाठी प्रश्न

१. आपल्या चाकूचे मुख्य काम कोणते? त्यास कोणत्या क्रमांकाचा दगड लागेल?
२. चाकूला एका बाजूने उतार आहे की दोन्ही बाजूंनी?
३. दगड सपाट आहे हे कसे ओळखावे?
४. वळलेली कड सबंध लांबीत जाणवल्याखेरीज बाजू का बदलू नये?
५. कलमाचा चाकू वीजेच्या चाकावर का लावू नये?

या प्रश्नांची उत्तरे ज्या शेतकऱ्यास चाकू हातात घेऊन देता येतील, त्याने पहिल्या दगडाची निवड योग्य केली असे समजण्यास हरकत नाही. कलमांच्या हंगामात काडी पुन्हा मिळेल, खुंटही मिळेल. पण सरलेले दिवस परत येत नाहीत. म्हणून दगडाची खरेदी व हाताची सवय ही दोन्ही कामे हंगामापूर्वी उरकून घ्यावीत.